धुऱ्याच्या दोन्ही बाजू

नागपूर जिल्ह्यात शेती कुठे संपते आणि जंगल कुठे सुरू होतं हे नकाशावर सांगता येतं, वावरात उभं राहून सांगणं कठीण. देवलापार, पारशिवनी, रामटेककडे वर पेंचचं जंगल आणि खाली धान. उमरेड, भिवापूर, कुहीकडे करांडल्याचं अभयारण्य आणि त्याला खेटून सोयाबीन, पऱ्हाटी (कपाशी), मिरची. कोंढाळीच्या बाजूला बोरच्या जंगलाचा पसारा, तो ओलांडला की काटोलच्या संत्रा बागा. मधे कुठे एक नाला, कुठे एक धुरा म्हणजे शेताचा बांध, कुठे झुडपी जंगलाचा तुकडा. पाणी वरून खाली येतं, जनावर आतून बाहेर येतं, आग दोन्हीकडून लागते. भिंत आहे ती खात्यांमध्ये. वरच्या अंगाला वनविभाग, खालच्या अंगाला कृषी विभाग, मधल्या तुकड्यावर महसूल, आणि तिघांचे आराखडे वेगवेगळे.

माझं म्हणणं असं आहे की हवामान बदलाला तोंड द्यायचं असेल तर एका पाणलोटाचा एकच आराखडा शेतकऱ्यांनी आणि वनखात्याने मिळून करावा, आणि त्यात शेतकऱ्याला लाभार्थी नव्हे, निर्णयातला भागीदार मानावं. यातला पहिला भाग कुणीही मान्य करेल. अडतं ते दुसऱ्या भागापाशी, म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

नागपूरचा उन्हाळा देशाला माहीत आहे. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश तापमान नोंदलं गेलं. पण शेतकऱ्याचं नुकसान तापमानाच्या आकड्यापेक्षा हंगामाचा क्रम ढळल्याने जास्त होतं. संत्र्याचंच बघा. संत्र्याला बहार आणायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडायचं, मृग बहारासाठी मे महिन्यात. झाड ताणावर गेलं पाहिजे आणि मग वेळेवर पाणी मिळालं पाहिजे, तेव्हा फूल धरतं. हिवाळ्यात अवकाळी आला की आंबियाचा ताण मोडतो. मे महिन्यात वादळी सरी आल्या की मृगाचा ताण मोडतो. जूनमध्ये पावसाने दडी मारली की धरलेलं फूल टिकत नाही. फळ धरलंच तर एप्रिल-मेच्या उन्हात फळगळ, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी साचलं की पुन्हा फळगळ. त्यातून वाचलेल्या फळावर कधी गारपीट. बागायतदाराची सगळी विद्या या ताणाच्या हिशेबावर उभी आहे, आणि तो हिशेब आता आभाळ पाळत नाही. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव सुरक्षित झालं, बाग झाली नाही. वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत बाग जगवायला बोअर खोल खोल जात राहिल्या, आणि ज्या टेकड्यांवरून ते पाणी मुरायचं त्यांच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

शहरालाही हे कळायला हवं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत इतका पाऊस पडला की अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्याच शहराचं पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानवर अवलंबून आहे. नवेगाव खैरीच्या वरचं जंगल नागपूरच्या नळाचं मूळ आहे. त्या जंगलाच्या काठावर राहून नुकसान सोसणाऱ्या गावांशी नागपूरकरांचा संबंध सफारीच्या सुट्टीपुरता राहावा, हे मला न्याय्य वाटत नाही.

आता जंगलाच्या आत काय चाललंय ते पाहू. इथलं जंगल पानगळीचं, सागाचं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ते उघडं होतं, नाले आटतात. नेमक्या त्याच वेळी काठावरच्या वावरात ओलिताचा चना आणि गहू हिरवा असतो. मैलभर परिसरात हिरवं म्हणावं असं तेवढंच. चितळ, रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर तिकडे येणार नाहीत तर कुठे जातील? आतली गवताची राखणं, म्हणजे राखीव कुरणं, घाणेरी आणि रानतुळशीने व्यापली की चाऱ्याची जागा आणखी घटते. उन्हाळा जितका लांबतो तितका हा बाहेर येण्याचा काळही लांबतो. आणि चितळ-डुकरामागे वाघ-बिबट येतो. पिकाचं नुकसान हा वन्यजीवांचा प्रश्न, पाण्याचा ताण हा शेतीचा प्रश्न, अशी वाटणी आपण करतो. मुळात ती एकाच कोरड्या मार्च महिन्याची दोन टोकं आहेत.

या काठावरचा शेतकरी रात्री झोपत नाही. जागल करतो. माचीवर बसून, डबे वाजवून, फटाके फोडून, बॅटरी मारून पीक राखतो. थंडीत रात्रभर वावरात काढायची आणि सकाळी त्याच वावरात राबायचं. या श्रमाची मजुरी कुठल्याही उत्पादन खर्चात धरली जात नाही. जागल करताना साप चावतो, कधी अस्वल गाठतं, कधी वाघ. अनेकांनी चना, भुईमूग, मका घेणंच सोडलं आणि वावर पडीत टाकलं. हवामानाला जुळणारी पिकं घ्या, कडधान्यं वाढवा, असं आपण व्याख्यानात सांगतो. ज्याचं कडधान्य डुक्कर खातं त्याला हा सल्ला देणाऱ्याने आधी जागलीचं बोललं पाहिजे.

रात्र काढायची ताकद संपली की काही जण कुंपणात वीज सोडतात. हे बेकायदा आहे आणि जीवघेणं आहे. त्यात माणसंही मेली आहेत. उमरेड-करांडल्याचा ‘जय’ वाघ 2016 मध्ये दिसेनासा झाला आणि आख्खं नागपूर हळहळलं. त्याचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडकडे शेताच्या विजेच्या तारेने गेला. गुन्हा दाखल होणं योग्यच होतं. पण त्या तारेपर्यंत शेतकरी कसा पोचतो याची चौकशी फाइलमध्ये येत नाही, आणि पुढची तार तिथूनच निघते.

सौर कुंपण हे सध्याचं आवडतं उत्तर आहे. 2015 पासूनच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून आणि इतरही योजनांतून ते दिलं जातं, आणि जिथे नीट राखलं जातं तिथे उपयोगी पडतं. मात्र एकट्या शेतकऱ्याचं कुंपण डुकरांना शेजाऱ्याच्या वावरात पाठवतं. शेजारी गरीब असेल तर नुकसान त्याच्या वाट्याला. याउलट सगळ्यांनीच सलग कुंपण घातलं तर वन्यप्राण्यांच्या जुन्या वाटा बंद होतात. मनसर ते खवासा या टप्प्यात राष्ट्रीय महामार्ग 44 खालून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या गेल्या, त्यासाठी मोठा खर्च झाला, आणि प्राणी त्या वापरतात. रस्त्याच्या बाबतीत जो विचार करता आला तो शिवाराच्या बाबतीतही करता येईल: कुठे गावाचं सामूहिक कुंपण, कुठे मोकळी सोडलेली वाट, आणि ज्याचं वावर त्या वाटेत येतं त्याला दर हंगामाचा ठरलेला मोबदला. हे नकाशावर वनरक्षक एकटा आखू शकत नाही. कुठल्या नाल्यातून रोही उतरतात आणि डुकरं दिवसा बेशरमीच्या कुठल्या झुडपांत बसतात, हे जागल करणाऱ्यालाच ठाऊक असतं.

पीक नुकसानीच्या पंचनाम्याला वनखात्याचा माणूस, तलाठी आणि कृषी सहायक असे तिघं येतात. या तिघांना एकत्र आणणारी वेळ बहुतेक गावांत हीच. म्हणजे शासनाची तीन खाती शेतकऱ्याच्या बांधावर एकत्र उभी राहतात ती पीक गेल्यावर. माझी मागणी अगदी साधी आहे. हेच तिघं मे महिन्यात, पेरणीआधी, ग्रामसभेने ठरवलेल्या दिवशी शिवारफेरीला यावेत. शिवारफेरी ही कल्पना जलयुक्त शिवारापासून गावागावांना माहीत आहे. फक्त ती गावाच्या शिवेपाशी न थांबता जंगलात, नाल्याच्या उगमापर्यंत गेली पाहिजे. माथा ते पायथा हे आपलंच सूत्र, पण माथा बहुधा वनखात्याकडे आणि पायथा शेतकऱ्याकडे असतो. खाली नाला खोल केला आणि वर उतारावरची माती धरली नाही, तर दोन पावसाळ्यांत खड्डा गाळाने भरतो.

मधल्या तुकड्यांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण उपाय तिथे आहे असं मला वाटतं. पूर्व विदर्भात झुडपी जंगल म्हणून नोंदलेली सुमारे 86 हजार हेक्टर जमीन आहे. जुन्या मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारीच्या काळापासून ही गुरं चारायची, सरपण आणायची, निस्ताराची म्हणजे गावाच्या रोजच्या गरजा भागवायची जागा. 1951 मध्ये मालगुजारी गेली, जमिनी सरकारकडे आल्या, आणि मग त्या जंगल की महसूल हा घोळ दशकानुदशकं चालला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे जंगलच आहे असा निकाल दिला. विकासकामं अडतील म्हणून बरीच ओरड झाली. मला हा निकाल संधी वाटतो, कारण या जमिनी आता सहजासहजी भूखंड होणार नाहीत. धोका वेगळाच आहे. या जमिनी वनखात्याकडे गेल्या, त्यांना तार लागली, आत सागाची नाहीतर निलगिरीची रांग उभी राहिली आणि गावाची गुरं बाहेर काढली, तर निकाल पाळला जाईल आणि जमीन वाया जाईल.

झुडपी जंगल हे मुख्यतः गवताचं, पळसाचं, बोरीचं, चारोळीचं रान आहे. जमीन बरड, मातीचा थर पातळ. तिथे दाट झाडोरा उभा करण्याचा हट्ट धरू नये. तिथे सलग समतल चर खणून पाणी मुरवलं तर खालच्या विहिरींना ते लागतं. तिथलं गवत राखलं आणि कापून नेऊ दिलं तर गावाची गुरं जंगलात कमी जातात. आतल्या राखणातली घाणेरी काढून तिथेही गवत परत आणलं तर चितळ आतच थांबण्याची शक्यता वाढते. त्याच्या कडेने मोह, आवळा, सीताफळ. धुऱ्याच्या आत हरभऱ्याभोवती करडईच्या काटेरी ओळी, जी आपल्याकडची जुनीच रीत आहे. एकाच उतारावर वनखात्याचं गवत, गावाचं झुडपी आणि शेतकऱ्याचं पीक एकमेकांना धरून असतील तेव्हा त्याला हवामानाशी जुळवून घेणं म्हणता येईल. तुटक तुटक केलं तर प्रत्येकाचा खर्च वाया जातो.

जुन्या लोकांनी हे केलेलं आहे. भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत आणि नागपूरच्या पूर्वेकडेही मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून ते बांधत आणले. जंगलाच्या उतारावरचं पाणी तलावात, तलावाखाली धान, तलावात मासे, काठावर झाडं. त्याची देखभाल करणारी व्यवस्था मोडल्यावर हजारो तलाव गाळाने भरत गेले.

आता शेतकऱ्याच्या झाडाकडे येतो. 2014 मध्ये भारताने राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारलं. शेतात झाडं हवीत यावर सगळ्यांचं एकमत आहे. वारा अडवायला, बागेवरचा उन्हाचा तडाखा कमी करायला, माती धरायला, वाईट वर्षी हाताशी चार पैसे राहायला झाड उपयोगी आहे. मग आमच्या धुऱ्यांवर झाडं का नाहीत? एक कारण असं की झाड शेतकऱ्याने लावलं, पाणी शेतकऱ्याने घातलं, तरी तोडताना ते पुरतं शेतकऱ्याचं राहत नाही. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमानुसार साग, मोह, आंबा, चिंच अशी कितीतरी झाडं स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मालकीचे कागद, मोजणी, शिक्के, वाहतूक परवाना या वाटेवर शेतकरी थकतो आणि ठेकेदाराला उभं झाड पडेल त्या भावात देऊन मोकळा होतो. त्याचा मुलगा हे बघतो आणि धुऱ्यावर उगवलेलं सागाचं रोप लहानपणीच उपटून टाकतो. झाड वाचवायला केलेल्या कायद्याने शेतातलं झाड नकोसं केलं. बांबूच्या बाबतीत 2017 मध्ये केंद्राने भारतीय वन कायद्यात दुरुस्ती करून जंगलाबाहेरच्या बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून काढलं, आणि आज शेतकरी बांबूकडे निदान पीक म्हणून बघू लागला आहे.

वनाधिकाऱ्यांची हरकत मला ठाऊक आहे आणि ती पोकळ नाही. शेतातल्या सागाला मोकळीक दिली तर जंगलातला साग शेतातला म्हणून बाहेर पडेल. चोरटी तोड हा या भागातला खरा धोका आहे, आणि रात्री त्याला तोंड देणारा वनरक्षक बऱ्याचदा एका काठीनिशी एकटा असतो. त्यावर उत्तर असं: झाड लावतानाच त्याची नोंद सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या वहीत करा, जागेसह फोटो ठेवा. ज्या झाडाची अशी नोंद आहे त्याच्या तोडीला परवानगी नको, फक्त आगाऊ सूचना पुरे. आज पीकपाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवर नोंदवतो. तिथेच झाडं नोंदवायला कितीसा वेळ लागेल?

शेतकऱ्यांचीही एक हरकत आहे, आणि झाडाचे गुण गाणारे ती ऐकून घेत नाहीत. सावलीखाली पऱ्हाटी वाढत नाही. सागाच्या मुळ्या पाणी ओढतात. दोन एकरवाल्याच्या धुऱ्यावर पंधरा झाडं म्हणजे चार ओळींचं पीक गेलं. हे खरं आहे. म्हणून कुठलं झाड, धुऱ्याच्या कुठल्या बाजूला आणि किती, हे शेतकऱ्याने ठरवायचं. 2016 पासून राज्याने दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडांचं लक्ष्य घेतलं. त्यामागच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण खड्डे आणि रोपं मोजण्याच्या घाईत, हे झाड कुणाला हवंय आणि पाचव्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार, हा प्रश्न मागे पडला. सध्या कार्बनचे पैसे मिळवून देतो म्हणून करार घेऊन फिरणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीतही शेतकऱ्यांनी हाच प्रश्न विचारावा. वीस-तीस वर्षांच्या करारावर सही करण्याआधी तो ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावा.

गावाकडे निर्णय दिला तर जंगल संपेल, ही भीती विदर्भानेच खोटी ठरवली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक हक्क मिळवला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूरच्या पाचगावाने बांबूच्या उत्पन्नावर गावातच रोजगार उभा केला. अमरावतीच्या पायविहीर गावाने ओसाड टेकडी राखून तिथे सीताफळ आणि गवत परत आणलं. ही आदिवासी गावं होती, तिथे सामूहिकपणाची सवय होती, नागपूरच्या बिगरआदिवासी शेतकरी गावांत ते जमणार नाही, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. परिस्थिती वेगळी आहे, हे मान्य. इथे जातींचे गट आहेत, मोठा-लहान शेतकरी आहे, पंचायतीचं राजकारण आहे. पण सहकारी दूध संस्था याच गावांत चालल्या, पाण्याच्या पाळ्या याच गावांत लावल्या गेल्या. ज्यात स्पष्ट वाटा दिसतो त्यात माणसं एकत्र येतात. वणव्याचंही तसंच. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम. काठावर पऱ्हाटी जाळताना ठिणगी आत जाते, मोहफुलं वेचायला झाडाखाली पाला पेटवला जातो. मोहाखाली जाळी पसरायला दिली, आणि पऱ्हाटीचा भुगा करायचं यंत्र गावात ठेवलं, तर आग लागण्याची कारणंच कमी होतात. राखलेल्या जंगलातल्या मोहफुलांवर आणि गवतावर गावाचा लेखी हक्क असेल तर जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) साफ करायला माणसं बोलवावी लागणार नाहीत.

हे सगळं सुरू करायला नागपूरइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात नाही. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात. वनविकास महामंडळ याच शहरात. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांचं केंद्रीय संशोधन केंद्र आणि राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था, महाराजबागेशेजारी शंभर वर्षांहून जुनं कृषी महाविद्यालय. माती, संत्रा, कापूस आणि जंगल यांची जाणकार माणसं तासाभराच्या अंतरात बसतात. हवामानाशी जुळवून घेणाऱ्या शेतीसाठी राज्याने 2018 मध्ये आणलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात 15 जिल्हे होते, शेजारचा वर्धा होता, नागपूर नव्हता. वाट बघत बसण्यापेक्षा पेंच, करांडला आणि बोरच्या काठावरचा एकेक नाला घ्यावा आणि या संस्थांनी पाच वर्षं तिथे ठाण मांडावं. मातीवाल्यांनी उताराचा नकाशा द्यावा, संत्रावाल्यांनी ताणाचा बदलता हिशेब, वनखात्याने गवताचा आणि प्राण्यांच्या वाटांचा. पैसा नवा लागेलच असं नाही. रोजगार हमी, वनीकरण, पाणलोट आणि कुंपण यांचा निधी आजही त्याच गावात येतो, फक्त चार वेगवेगळ्या महिन्यांत आणि चार वेगवेगळ्या जागी.

नुकसानभरपाई यातून वगळता येणार नाही, उलट ती आधी सुधारावी लागेल. जिथे शेतकऱ्याला गेलेल्या पिकाचे पैसे पुढच्या पेरणीपर्यंत मिळत नाहीत, तिथे वनपालाने सहकार्याची भाषा केली तर कुणी बसून ऐकणार नाही. पेरणीपूर्वी मागचा हिशेब चुकता, हा नियम पहिला. मग शिवारफेरी.

आणखी एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. चांगला परिक्षेत्र अधिकारी आला की गावाशी जमतं, काम उभं राहतं, आणि तीन वर्षांनी त्याची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. शेतकरी बदलत नाही, जंगल बदलत नाही, मधला माणूस बदलतो. म्हणून जे ठरेल ते अधिकाऱ्याच्या भलेपणावर सोडू नये. कुठलं गवत कोण कापणार, कुठली वाट मोकळी राहणार, मोबदला किती आणि कुठल्या तारखेला, हे ग्रामसभेच्या ठरावात आणि वनविभागाच्या कार्य आयोजनेत (जंगलाच्या कामांच्या आराखड्यात) एकाच शब्दांत लिहिलेलं असावं, दोन्हींवर दोघांच्या सह्या असाव्यात. नवा अधिकारी आला की त्याने आधी तो ठराव वाचावा, आणि त्यात काही बदलायचं असेल तर ते ग्रामसभेपुढे येऊन मांडावं.